रफू दिसत नाही

संग्रहालयाचं पत्र मंगळवारी आलं आणि त्यात दोनच ओळी होत्या. 'आपण पाठवलेल्या छायाचित्रांत रफू दिसत नाही. कृपया स्पष्ट छायाचित्रं शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पुन्हा पाठवावीत.'

सुईबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दिसत नाही म्हणे! अहो, दिसत नाही म्हणूनच त्याला रफू म्हणतात! दिसलं तर त्याला ठिगळ म्हणतात! जुन्या कपड्यांचं एवढं मोठं संग्रहालय थाटून बसलेत आणि एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

हे सगळं त्या समोरच्या कॉम्प्युटरला सुनावत होत्या. शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते. पाण्याचे मीटर वाचण्यात एकतीस वर्षं घालवून निवृत्त झालेले, म्हणून सगळी आळी त्यांना मीटरराव म्हणायची. ते चष्मा कपाळावर चढवून पुन्हा एकदा पत्र वाचत होते.

"अगं, त्यांचं म्हणणं तसं नाहीये," ते म्हणाले. "फोटो धुरकट आलेत, असं म्हणतायत ते. कापडाचा धागाच दिसत नाहीये. मग रफू आहे की नाही ते त्यांना कळणार कसं?"

सुईबाईंनी स्वतः पाठवलेले फोटो उघडून पाहिले. राखाडी पँट होती. एका फोटोत राखाडी ढग होता आणि त्यात एक काळपट ठिपका. दुसऱ्या फोटोत नुसताच राखाडी ढग. खोटं कशाला बोला, संग्रहालयवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. पण हे कबूल करायची ती वेळ नव्हती.

"म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याने माझं नाक कापलं," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

आता हे प्रकरण एवढं जिवाला लागण्याचं कारण सांगितलं पाहिजे. सुईबाई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात सव्वीस वर्षं रफू करत होत्या. हातात सुई असते म्हणून त्यांना सुईबाई म्हणत, की जिभेवर असते म्हणून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीच्या पलीकडे खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. गिऱ्हाईक पुढे काउंटरवर फाटका कोट टाकायचं आणि मालक छाती फुगवून म्हणायचे, "आमचा माणूस करून देईल. शोधून सापडणार नाही." आमचा माणूस! सव्वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तो माणूस बाई आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आता तर मालक त्या मागच्या खोलीत धुलाईची दोन मोठी मशिनं बसवणार होते. "बाई, आजकाल रफू करून घेतंय कोण? फाटलं की फेकतात," असं ते म्हणाले होते, आणि महिना संपला की सुईबाईंची खुर्ची उठणार होती.

अशा वेळी संग्रहालयाची जाहिरात आली. जुन्या वस्त्रांच्या दुरुस्तीसाठी एक रफूगार हवा. केलेल्या कोणत्याही एका कामाचे दोन फोटो पाठवा, एक रफूच्या आधीचा, एक नंतरचा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की मोबाइलचे फोटो चालणार नाहीत, कारण मोबाइल आपल्या मनाने चित्र गुळगुळीत करतो आणि कापडाची वीण मारून टाकतो. हे वाचून सुईबाईंना संग्रहालयाबद्दल फार आदर वाटला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वीण बघायला मागत होतं. ही नोकरी त्यांना इतकी हवी होती की त्यांनी ते घरात उघड बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं.

मोबाइल चालणार नाही म्हटल्यावर मीटररावांनी कपाटातून आपला कॅमेरा काढला. चौदा वर्षांपूर्वी घेतलेला, चंदेरी रंगाचा, साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा. लेकीच्या लग्नानंतर सहा वर्षं तो एका लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवलेला होता. चालू केला की लेन्स पुढे यायची आणि तिच्यावरची दोन पातळ झाकणं आपोआप बाजूला व्हायला हवी होती. एक व्हायचं. दुसरं अर्ध्यात अडकायचं.

मीटरराव ते बोटाने सरकवायला गेले तशा सुईबाई कडाडल्या. "ठेवा तो खाली! तुमची बोटं म्हणजे मुळे नुसते. मोडून ठेवाल." आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने झाकण अलगद सरकवलं. त्यांच्या अंगठ्याला ते जमायचंच. तेव्हापासून झाकण उघडायचं काम त्यांचं आणि बटण दाबायचं काम मीटररावांचं अशी वाटणी झाली. कॅमेरा मेला मिनिटभर हात लावला नाही की आपोआप बंद पडायचा, त्यामुळे हे झाकणाचं काम दिवसातून वीस-पंचवीस वेळा करावं लागायचं.

राखाडी पँट तर गिऱ्हाईक कधीच घेऊन गेलं होतं. म्हणून बुधवारी दुकानातून आल्यावर सुईबाईंनी स्वतःची तपकिरी शाल पलंगावर पसरली, कात्री घेतली आणि भर मध्यभागी वाटाण्याएवढं भोक पाडलं. जन्मभर भोकं बुजवलेल्या बाईला भोक पाडताना काय वाटलं असेल! त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"काढा आता फोटो," त्या म्हणाल्या. "आधी भोकाचा नीट येऊ दे, मग रफूला बसते. वाटाण्याएवढ्या भोकाला मला पाच तास लागतात, लक्षात ठेवा."

फोटो काढला. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर झकास दिसला. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तर तपकिरी चिखल. मीटररावांनी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका शोधून काढली. ती त्यांनी अर्थातच जपून ठेवली होती, पावतीसकट. बोट ठेवून ठेवून वाचत ते अठराव्या पानावर पोचले आणि बोट तिथंच अडकलं.

"काय झालं?"

"काही नाही. चित्राचा आकार... सगळ्यात लहान ठेवलेला दिसतोय."

"कुणी ठेवला?"

मीटररावांनी पान उलटलं.

"मी विचारतेय, कुणी ठेवला?"

"अगं, लेकीच्या लग्नात कार्ड भरून जायला नको, म्हणून मीच... एका कार्डात पाचशे बसतात तसे."

"पाचशे! त्या पाचशेतल्या एकाही फोटोत लेकीचं नाक धड दिसत नाही, ते यामुळे? सहा वर्षं मी समजत होते, फोटो तसेच असतात! काटकसर म्हणे! अहो, कार्डात काय तांदूळ भरायचे होते?"

मीटररावांनी मुकाट्याने आकार सगळ्यात मोठा केला. पुन्हा झाकण, पुन्हा फोटो. चिखल जरा निवळला, पण वर एक धुकं होतं ते तसंच राहिलं. दुधावर साय धरावी तसं. आणि एक लक्षात घ्या, आकाराच्या भानगडीत मीटरराव पकडले गेले होते. त्यानंतर जे जे बिघडलं ते त्यांच्याच माथी जायचं, हे ठरूनच गेलं.

गुरुवारी सकाळी दुकानात जायच्या आधी त्यांनी पुन्हा बैठक मांडली. पुस्तिका सांगत होती की जवळची वस्तू असेल तर फुलाचं चिन्ह लावा. मीटररावांनी डोंगराचं लावून ठेवलं होतं.

"डोंगर म्हणजे लांबचं," ते समजावायला लागले.

"कळलं मला. भोक हातभर अंतरावर आहे आणि तुम्ही डोंगर बघताय."

फूल लावलं. फ्लॅशने भोकावर पांढरा डाग पडला म्हणून फ्लॅश बंद केला. मग उजेड कमी पडून हात हलला. म्हणून शाल खिडकीशी नेली, स्टुलावर चार पुस्तकं रचली, त्यावर कॅमेरा ठेवला आणि हातच लागू नये म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावला. दोघं श्वास रोखून उभी राहिली. कॅमेऱ्याने टिकटिक केलं आणि आणखी एक धुकट फोटो काढला. जरा कडा दिसल्या एवढंच.

"यात लिहिलंय, लेन्स स्वच्छ पुसा," मीटरराव म्हणाले. त्यांनी चष्म्याच्या डबीतलं मऊ फडकं घेऊन गोल गोल हात फिरवत लेन्स पुसली. तेवढ्यात कॅमेरा बंद पडला. सुईबाई खिडकीशी बसून दुकानातून आणलेल्या एका कामाच्या धाग्याला मेण लावत होत्या. रफूचा धागा मेणाच्या वडीवरून ओढला की सुळकन सुईत जातो. त्या हातातलं काम टाकून उठल्या, झाकण सरकवलं आणि परत जाऊन बसल्या. फोटो काढला. धुकं तिथंच.

"पुसलंत म्हणता, मग हे काय? तुमचं पुसणं मला माहीत आहे. ताटंसुद्धा तुम्ही पुसलेली मला परत पुसावी लागतात."

"अगं, पण मी खरंच नीट पुसली."

"हो, दिसतंय ना!"

यात भर म्हणून नणंदबाई आल्या. त्यांना कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला कळावं कशाला लागतं? खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की शाल भिंतीवर लावा, पडदा ओढा, नको, पडदा उघडा, दादाला बाजूला करा. मग त्यांनी आपला नवाकोरा मोबाइल काढला आणि एका झटक्यात फोटो घेतला. भोकाच्या कडेचे तुटके धागे त्या मोबाइलने असे काही गुळगुळीत करून टाकले होते, की ते भोक नसून बटण वाटत होतं.

"बघ वहिनी, कसं सुरेख आलंय!"

"वन्सं, मला भोक हवंय, सुरेखपणा नको," सुईबाई म्हणाल्या. नणंदबाई चहा न घेताच गेल्या.

दुपारच्या सुट्टीत सुईबाई कॅमेरा मोज्यात घालून कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे गेल्या. त्याचं दुकान म्हणजे दोन जिन्यांच्या मधली एक फट होती. त्याने कॅमेरा चालूसुद्धा केला नाही. सुईबाईंनी नेलेला छापील फोटो एकदा पाहिला, कॅमेरा उलटासुलटा केला आणि परत दिला.

"आतून बुरशी आलीय. हे मॉडेल आता कुणी उघडत नाही. फेकून द्या, मावशी."

"न उघडता तुम्हाला आतली बुरशी दिसली?"

"एवढी वर्षं हेच काम करतोय."

"मीही एवढी वर्षं हेच काम करतेय," सुईबाई म्हणाल्या, "पण कापड उलटून बघितल्याशिवाय फेकून द्या म्हणत नाही." एवढं बोलून त्या निघाल्या खऱ्या, पण पायऱ्या उतरताना त्यांचे डोळे भरून आले. फेकून द्या, फेकून द्या. जो तो एकच मंत्र म्हणत होता.

शुक्रवारी त्यांनी रजा घेतली. सव्वीस वर्षांत अशी रजा त्यांनी क्वचितच घेतली असेल. सकाळी सातपासून दोघं त्या स्टुलाभोवती होती. हिशोब सरळ होता. भोकाचा फोटो अकरापर्यंत आला तर रफूला पाच तास, चार वाजता दुसरा फोटो, पाचच्या आत रवाना. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मीटररावांनी बॅटऱ्या बदलल्या, कार्ड काढून परत घातलं, 'सर्व काही मूळ स्थितीत आणा' असं जे होतं तेही दाबलं, तेव्हा कॅमेऱ्याची भाषाच बदलली आणि ती परत आणायला अर्धा तास गेला. आकार पुन्हा लावला. फूल पुन्हा लावलं. सुईबाईंनी झाकण पुन्हा सरकवलं. दीड वाजता काढलेला फोटो बुधवारच्या फोटोइतकाच धुकट होता.

"मला वाटतं, उजेडच बरोबर नाहीये," मीटरराव हळूच म्हणाले. "ढगाळ आहे ना आज."

झालं! तीन दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं.

"नाचता येईना अंगण वाकडं! काल ऊन होतं तेव्हा काय झालं होतं? उजेड चांगला आहे, शाल चांगली आहे, भोक तर मी इतकं चांगलं पाडलंय! एक तुमचा कॅमेरा सोडला तर सगळं जगात चांगलं आहे. पहिल्या दिवसापासून हा असाच आहे. घेतलात तेव्हापासून एक धड फोटो याने काढलेला नाही. तुमच्यासारखाच आहे तो. सगळं मोजायचं, सगळं जपून ठेवायचं आणि ऐन वेळी उपयोग शून्य!"

मीटरराव गप्प राहणाऱ्यांतले. एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून त्यांनी शिव्या ऐकल्या होत्या. पण हे त्यांना लागलं. ते उठले आणि त्यांचा आवाज चढला.

"मला काय बोलायचं ते बोल. कॅमेऱ्याला बोलायचं काम नाही. पहिल्या दिवसापासून असाच? थांब. पुरावा दाखवतो."

पुरावा हा मीटररावांचा जुना आजार होता. मीटरच्या आकड्यावरून भांडण नको म्हणून त्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून ठेवायची सवय लागली होती. कॉम्प्युटरवर 'पुरावे' नावाचा एक कप्पाच होता. तो उघडून त्यांनी चौदा वर्षांपूर्वीचे फोटो वर आणले. शेजाऱ्यांची गळकी मोरी. तडकलेली फरशी, आणि त्या तड्यातली मुंगी, मुंगीचे पायसुद्धा मोजता येतील. मग एक गडद निळं कापड, आणि त्यात वाटाण्याएवढं भोक.

"हे बघ. माझा कोट. तुमच्याच दुकानात धुवायला दिला होता आणि इस्त्रीवाल्याच्या सिगारेटची ठिणगी पडली. मालकाला दाखवायला काढला होता मी हा फोटो. तू म्हणालीस, जाऊ द्या, माझी नोकरी आहे तिथं, मीच बुजवते. बघ, कॅमेरा वाईट होता का? बघ ना!"

सुईबाई बघतच राहिल्या. भोकाची करपलेली कड, तिच्यातून निघालेले आखूड धागे, आडवा कुठला, उभा कुठला, सगळं स्वच्छ. खाली कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. असाच फोटो त्यांना गेले तीन दिवस हवा होता.

"हा याच कॅमेऱ्याने काढला?"

"मग काय शेजाऱ्याच्या?"

मग तेव्हाच्या आणि आताच्या मध्ये घोडं अडलं कुठं? सुईबाईंना एक सवय होती. कापडाचं दुखणं कळेना की त्या लांबून तर्क करत बसत नसत, भिंग लावत. त्यांनी आपलं कामाचं भिंग उचललं, चालू कॅमेरा खिडकीकडे धरला आणि लेन्समध्ये पाहिलं.

आत बुरशीबिरशी काही नव्हती. वरच्या काचेवर रेषा होत्या. बारीक, एकात एक वळलेल्या, मेणचट. आणि त्या रेषांना आडवी छेदून जाणारी एक तिरपी रेघ. सुईबाईंनी भिंग हळूच खाली नेलं आणि स्वतःच्या उजव्या अंगठ्यावर धरलं. कामाला लागल्या त्याच वर्षी कात्री लागून झालेली तिथली खूण. तीच तिरपी रेघ. अंगठ्यावर मेणाचा थर चकाकत होता.

तीन दिवस! मीटरराव पुसत होते आणि त्या झाकण सरकवता सरकवता दर वेळी नव्याने मेण फासत होत्या.

खरं सांगायचं तर एक क्षण त्यांच्या मनात आलं की पदराने पुसून टाकावं आणि गप्प बसावं. मीटरराव पाठ करून उभे होते. त्यांना काही कळलं नसतं. जे काही ऐकून घ्यायचं ते त्यांनी ऐकून घेतलंच होतं, आणखी थोडं त्यांच्या नावावर राहिलं असतं. पण मघाशी मोठ्या आवाजात केलेल्या बोलण्याची लाज वाटून त्यांचे कान तापले.

"अहो," त्या म्हणाल्या. "इकडे या. हे बघा. अंगठा माझा आहे."

मीटररावांनी भिंगातून पाहिलं. लेन्स पाहिली, अंगठा पाहिला, परत लेन्स पाहिली.

"तुझाच आहे," ते म्हणाले.

"हवा तर पुरावा ठेवा. फोटो काढा त्याचा."

"कशाने काढू?"

यावर दोघंही हसली, पण हसण्यात फार वेळ गेला नाही. सुईबाईंनी साबणाने खसाखसा हात धुतले. मीटररावांनी लेन्स पुसली, आणि या वेळी झाकण आगपेटीच्या काडीने सरकवलं. फोटो काढला. शालीतलं भोक असं आलं की बोट घालावंसं वाटावं. घड्याळात पावणेतीन झाले होते.

सुईबाईंनी सुई उचलली, धागा ओढला आणि मग सुई खाली ठेवली. पाच तासांचं काम सव्वादोन तासांत होत नाही. घाईने केलं तर रफू दिसतं, आणि दिसणारं रफू पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझ्याच हाताने घालवलं मी. उगीच तुम्हाला बोलले." आणि त्या पलंगावर शालीशेजारी बसून राहिल्या. आता महिनाअखेरीला खुर्ची उठेल आणि 'आमचा माणूस' जसा कुणाला दिसला नव्हता तसाच दिसेनासा होईल, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना रडू फुटलं.

मीटरराव कॉम्प्युटरकडे वळले. मग म्हणाले, "आधीचा फोटो तर आहे की आपल्याकडे."

"शालीचा असून काय उपयोग?"

"शालीचा नाही. कोटाचा. जाहिरातीत कोणतंही काम म्हटलंय. आजच केलेलं असावं असं कुठं म्हटलंय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. सुईबाई उठल्या तोवर मीटररावांनी कपाटातून कोट काढलासुद्धा. खिडकीशी पसरला. सुईबाई भिंग घेऊन वाकल्या. त्या फोटोत भोवतीचं चार बोटं कापड तेवढं होतं, भोक कोटात नेमकं कुठं ते कळायला मार्ग नव्हता. डाव्या बाजूला होतं एवढं त्यांना आठवत होतं. त्यांनी डावी बाजू वीतभर वीतभर करून पाहिली. उजेडात धरली, तिरपी धरली, आतून अस्तर वर करून पाहिली. दहा मिनिटं गेली. स्वतःचंच रफू त्यांना सापडेना.

"कमाल आहे! अहो, हाच कोट ना?"

मीटररावांनी हात पुढे केला आणि न वाकता, चष्मासुद्धा न लावता, खिशाच्या वर तीन बोटांवर आपलं जाड बोट टेकवलं.

"इथं."

सुईबाईंनी तिथं भिंग नेलं. बराच वेळ पाहिलं तेव्हा त्यांना आपला हात ओळखू आला. दोन धाग्यांमध्ये केसाएवढा फरक होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी पैजा लावायचो ना," मीटरराव म्हणाले. "ऑफिसात, लग्नाकार्यांत. या कोटात एक भोक होतं, शोधून दाखवा, चहा माझ्याकडून. चौदा वर्षांत एकदाही चहा पाजावा लागला नाही. सांगायचो, आमच्या हिने केलंय."

"मला कधी बोलला नाहीत ते?"

"तू कुठं विचारलंस? तू तर म्हणत होतीस, तो जुना कोट देऊन टाका."

"पण जागा? जागा मलासुद्धा आठवत नव्हती."

"रफू झालं तेव्हा कोट माझ्यापुढे धरून म्हणालीस, सापडतं का बघा. मला काही सापडेना. मग तू माझं बोट धरलंस आणि इथं आणून टेकवलंस." ते कोटाकडे बघत बोलत होते. "तेव्हापासून लक्षात आहे."

सव्वीस वर्षं आपलं काम कुणी पाहिलं नाही असा सुईबाईंचा दावा होता, आणि एक माणूस चौदा वर्षं ते छातीवर मिरवत होता, त्याला त्या आत्ताच काय काय बोलल्या होत्या! त्यांनी कोटाची बाही उगीच दोनदा सरळ केली.

"चला, उभे काय राहिलात," त्या शेवटी म्हणाल्या. "पाच वाजतील."

स्टूल, पुस्तकं, फूल, टायमर. झाकण काडीने. मीटरराव बोट काढून घ्यायला लागले तसा सुईबाईंनी त्यांचा हात धरला.

"बोट राहू द्या तिथं. जरासं खाली घ्या. नाहीतर परत लिहितील, रफू दिसत नाही म्हणून."

चार वाजून चाळीस मिनिटांनी दोन्ही फोटो गेले. एक चौदा वर्षांपूर्वीचा, एक आजचा, आणि आजच्यात मीटररावांचं बोट, नखासकट, अगदी स्वच्छ.

उत्तर बुधवारी आलं. सुईबाई दुकानात होत्या. मीटररावांनी ते कागदावर छापून घेतलं आणि कागद घेऊन स्वतः दुकानात आले, पुढच्या काउंटरवर न थांबता, मालकांच्या समोरून थेट मागच्या खोलीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"वाच," ते म्हणाले. "परत तेच रडगाणं."

सुईबाईंनी वाचलं. 'छायाचित्रं मिळाली. ती उत्तम आहेत. बोट दाखवलेल्या जागी आम्ही तिघांनी छायाचित्र मोठं करून, भिंग लावून पाहिलं. आम्हाला काहीही दिसलं नाही. आपण पहिल्या तारखेपासून कामावर यावं.'

मीटररावांनी पहिल्या चार ओळींतच कागद मिटला असणार.

"काहीही दिसलं नाही म्हणे!" ते तावातावाने बोलत होते. वाफेची इस्त्री थांबली होती आणि पुढून गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली होती. "बोट ठेवून दाखवलं तरी दिसत नाही यांना! आता काय, आणखी एकदा काढायचा?"

"नको," सुईबाई म्हणाल्या. त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं होतं. "आता शेवटची ओळ वाचा."